नाव लपतं, ‘पण’ लपत नाही

एप्रिल २०१३ मध्ये इंग्लंडात एक रहस्यकथा आली. लेखक रॉबर्ट गॅलब्रेथ. मलपृष्ठावरच्या परिचयात लिहिलं होतं की हे गृहस्थ लष्करी पोलिसात होते, २००३ साली बाहेर पडले, तेव्हापासून खासगी सुरक्षेच्या धंद्यात आहेत. पुढे अशीही कबुली होती की ‘रॉबर्ट गॅलब्रेथ’ हे टोपणनाव आहे. युक्ती बघा. फोटो का नाही, मुलाखत का नाही, पुस्तकाच्या दुकानात सही करायला का येत नाहीत, ह्या सगळ्याला एकच उत्तर: बुवा, सुरक्षेचं काम आहे, तोंड दाखवता येत नाही. परीक्षणं चांगली आली. तीन महिन्यांत ब्रिटनमध्ये बांधीव आवृत्तीच्या साधारण दीड हजार प्रती खपल्या. पहिल्या पुस्तकाला एवढ्या म्हणजे वाईट नाही, पण वाजतगाजतही नाही.

जुलैच्या मध्यावर ‘संडे टाइम्स’ने छापलं की हा गॅलब्रेथ म्हणजे जे. के. रोलिंग. हॅरी पॉटरवाल्या. पुस्तक काही तासांत ॲमेझॉनच्या यादीत वर चढत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. आतलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

ह्या प्रकरणानंतर आपल्याकडेही बातम्या आल्या आणि बहुतेकांचा मथळा एकाच चालीचा होता: संगणकाने रोलिंगला पकडलं. ते खरं नाही. पकडलं ते एका गप्पिष्ट वकिलाने. संगणकाने मागाहून साक्ष दिली. संगणकाची ती साक्षही भलतीच रंजक आहे, म्हणून दोन्ही गोष्टी नीट सांगतो.

आधी एक भेद. मराठीत टोपणनावांचा दुष्काळ नाही. कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. राम गणेश गडकरी कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून लिहीत, विनोद ‘बाळकराम’ म्हणून, आणि नाटकांवर स्वतःचं नाव घालत. एकाच मालकाच्या तीन दुकानांना तीन पाट्या, म्हणजे गिऱ्हाईक चुकीच्या दारात शिरायला नको. ह्यात लपवाछपवी नाही. आपला विषय वेगळा आहे. आधीच नावाजलेला माणूस, ज्याच्या नावावर पुस्तक हमखास खपतं, तो मुद्दाम ते नाव काढून ठेवतो आणि अनोळखी म्हणून रांगेत उभा राहतो. आणि कोणाला कळू देत नाही, किंवा तसा प्रयत्न तरी करतो.

का करतो? कारणं थोडक्यात. अगाथा ख्रिस्तींना खुनाबिनाशिवायच्या कादंबऱ्या लिहायच्या होत्या आणि वाचक तर प्रेत शोधत आला असता. त्यांनी १९३० ते १९५६ ह्या काळात ‘मेरी वेस्टमॅकॉट’ नावाने सहा कादंबऱ्या काढल्या आणि १९४९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं, गुपित टिकवलं. अमेरिकेतले भयकथाकार स्टीफन किंग भराभर लिहायचे आणि त्या काळचे प्रकाशक म्हणायचे, एका लेखकाचं वर्षाला एकच पुस्तक, जास्त काढलं तर बाजार बसतो. मग उरलेली ‘रिचर्ड बाकमन’च्या खात्यावर. पण जवळपास प्रत्येकाच्या मनात तळाशी एक प्रश्न असतोच: लोक माझं पुस्तक वाचतात, की माझं नाव? त्याचं उत्तर मिळतं का, ते पुढे पाहू.

आता वकिलाची गोष्ट. रोलिंगबाईंचं काम पाहणारी लंडनची एक लॉ फर्म होती. तिथल्या एका भागीदाराने हे गुपित आपल्या बायकोच्या जिवलग मैत्रिणीला सांगितलं. ‘तुला म्हणून सांगतो’ ह्या वाक्याचा इंग्रजी अवतार काय असेल तो असो. मैत्रिणीने ट्विटरवर ‘संडे टाइम्स’च्या एका स्तंभलेखिकेला कळवलं. झालं. फर्मने माफी मागितली, सैनिकांच्या एका धर्मादाय संस्थेला मोठी देणगी दिली, आणि वकिलाला गोपनीयता मोडल्याबद्दल पुढे हजार पौंड दंड झाला.

वृत्तपत्राला मात्र एका ट्वीटवर बातमी छापता येत नाही. त्यांनी कागद चाळले. गॅलब्रेथचा एजंट (लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणारा) आणि रोलिंगचा एजंट एकच. प्रकाशनगृहही तेच. नवख्या माजी शिपायाला एवढा बडा एजंट कुठून मिळाला? संशय पक्का व्हायला लागला, तरी पुरावा हवा होता. तेव्हा त्यांनी दोन प्राध्यापकांना मजकूर पाठवला: एक अमेरिकेतल्या ड्युकेन विद्यापीठातले पॅट्रिक जुओला, दुसरे ऑक्सफर्डचे पीटर मिलिकन. आणि इथून लेखनशैलीच्या मोजमापाचं शास्त्र सुरू होतं. इंग्रजीत त्याला स्टायलोमेट्री म्हणतात. आपण शैलीमापन म्हणू.

हे शास्त्र नेमकं काय मोजतं? अलंकार, आवडते शब्द, लांबलचक वर्णनं, असं काही नाही. उलट, आपण लिहिताना ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही तेच शब्द. आणि, पण, तर, की, म्हणून, मात्र, सुद्धा.

उदाहरणादाखल मीच दोन तुकडे रचतो. समजा दोन लेखकांना एकच प्रसंग लिहायला दिला.

पहिला लिहितो: ‘पाऊस थांबला होता, पण रस्ते ओलेच होते. एव्हाना एसटी निघून गेली असेल, म्हणून तो चालतच निघाला.’

दुसरा लिहितो: ‘पाऊस थांबला. मात्र रस्ते अजून ओले होते. एसटी गेली असणार हे ओळखून त्याने चालायला सुरुवात केली.’

पाऊस, रस्ते, एसटी, चालणं दोन्हीकडे आहे. त्यावरून लेखक ओळखता येणार नाही, कारण ते शब्द प्रसंगाने दिलेत. पण पहिल्याने ‘पण’ वापरला, दुसऱ्याने ‘मात्र’. पहिल्याने दोन वेळा ‘च’ जोडला, दुसऱ्याने एकदाही नाही. पहिल्याला ‘म्हणून’ लागतं, दुसरा ‘ओळखून’ म्हणत क्रियापदातच काम उरकतो. दोन ओळींत हा योगायोग म्हणता येईल. तीनशे पानांत नाही. तीनशे पानांत कोणी ‘पण’ हजार शब्दांमागे किती वेळा टाकतो, हे प्रमाण बऱ्यापैकी स्थिर राहतं. कादंबरी खुनाची असो की प्रेमाची.

हेच शब्द का? एक तर ते विषयावर अवलंबून नसतात. दुसरं, ते इतक्यांदा येतात की मोजणीला अर्थ येतो. ‘कडेलोट’ हा शब्द पुस्तकात दोनदा आला म्हणून काय सिद्ध होणार? आणि तिसरं म्हणजे त्यांच्यावर लेखकाचं लक्ष नसतं. लपायचं ठरवलेला लेखक नायकाचं नाव बदलेल, गाव बदलेल, शिव्या घालेल, वाक्यं तोडेल. ‘आणि’ किती वेळा लिहितोय हे तो मोजत बसत नाही. अंधारात जिन्यावर पावलं वाजली की घरातलं कोण आलं ते आपल्याला कळतं ना, तसंच आहे. चालणाऱ्याला स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येत नाही.

ह्या विद्येतलं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे, आणि तेही टोपणनावाचंच. १७८७-८८ साली तिथल्या नव्या राज्यघटनेच्या बाजूने ‘पब्लियस’ ह्या एका नावाखाली ८५ लेख आले. लिहिणारे तिघे: हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. बहुतेक लेख कोणाचे ते ठरलेलं होतं, पण बारा लेखांवर हॅमिल्टनचा की मॅडिसनचा असा दीडशे-पावणेदोनशे वर्षं वाद चालू राहिला. दोघांचे विषय एक, शिक्षण सारखं, वाक्यं सारखीच लांबलचक. मॉस्टेलर आणि वॉलेस ह्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ साली उत्तर प्रसिद्ध केलं. त्यांना धागा सापडला तो ‘अपॉन’ ह्या फुटकळ शब्दात. ‘वर’ ह्या अर्थाने हॅमिल्टन तो हजार शब्दांत तीनेकदा वापरायचे. मॅडिसन चार-पाच हजार शब्दांत जेमतेम एकदा. ‘जेव्हा की’ अशा अर्थी हॅमिल्टन ‘व्हाइल’ लिहायचे, मॅडिसन ‘व्हाइल्स्ट’. असे तीसेक शब्द घेऊन त्यांनी शक्यतेचं गणित मांडलं आणि बाराच्या बारा लेख मॅडिसनच्या पदरात पडले. राज्यघटनेसारख्या भारदस्त विषयातला निवाडा एका अव्ययाने दिला, ह्याची मला अजून मजा वाटते.

जुओलांनी गॅलब्रेथच्या बाबतीत चार कसोट्या लावल्या. शब्दांची लांबी किती असते, म्हणजे दोन अक्षरी किती, सात अक्षरी किती. सर्वांत जास्त येणारे शंभर शब्द कोणत्या प्रमाणात येतात. कोणता शब्द कोणाला लागून येतो. आणि चौथी कसोटी दिसायला सर्वांत विचित्र: मजकुराचे चार-चार अक्षरांचे तुकडे पाडायचे, अर्थाचा विचारच करायचा नाही, आणि कोणता तुकडा किती वेळा आला ते मोजायचं. तुलनेला रोलिंगची मोठ्यांसाठीची कादंबरी आणि शिवाय रूथ रेंडेल, पी. डी. जेम्स, व्हॅल मॅकडर्मिड ह्या तीन रहस्यलेखिकांचं एकेक पुस्तक घेतलं. हा खेळ संगणकावर अर्ध्या तासाचा. प्रत्येक कसोटीत पहिल्या दोन क्रमांकांत येत राहिलं असं नाव एकच होतं, रोलिंग. वृत्तपत्राने थेट विचारलं, बाईंनी कबूल केलं.

ती चार-चार अक्षरांची कसोटी मराठीला तर फारच लागू पडेल असं मला वाटतं. इंग्रजीत ‘इन’, ‘टू’, ‘ऑन’ हे सुटे शब्द असतात, मोजायला सोपे. आपल्याकडे ते शब्दाला चिकटतात: घरात, घराला, घरावरून, घरातच, घरातूनसुद्धा. सुटे शब्द मोजायला बसलात तर हे पाच वेगळे शब्द निघतील आणि गणित फिस्कटेल. तुकडे मोजले की ‘रातच’, ‘ूनसु’, ‘लाही’ असे बारके अवशेष हाती लागतात आणि लेखकाची खोड त्यांच्यातच असते. शिवाय मराठीत ‘ते’ आणि ‘तं’चा मामला आहे: कोणी ‘गेले होते’ लिहितो, कोणी ‘गेलं होतं’. कोणी ‘व’ लिहितो, कोणी ‘आणि’, कोणी ‘अन्’. मुद्रितशोधकाने सगळं एका साच्यात बसवलं नसेल तर हा खजिनाच आहे. बसवलं असेल तर मात्र तुम्ही लेखकाला नव्हे, मुद्रितशोधकाला पकडाल.

मी कधी हे संगणकावर केलेलं नाही. एकदा कानाने केलंय. एका दिवाळी अंकाच्या कथास्पर्धेत पहिली चाळणी माझ्याकडे होती, नावं झाकलेली. एका कथेत चौथ्या पानापर्यंत तीन ‘एव्हाना’ आले. बोलताना हल्ली कोण म्हणतं एव्हाना? मला एकच माणूस माहीत होता. त्याने वर्षानुवर्षं मला पाठवलेल्या पत्रांत, पुढे मेसेजमध्ये, एव्हाना तुला कळलंच असेल, एव्हाना तू जेवला असशील. कथा बायकोच्या माहेरच्या नावाने पाठवली होती. ओळख पटली म्हणून मी ती दुसऱ्या परीक्षकाकडे सरकवली आणि गप्प बसलो. कथा बरी होती, बक्षिसापर्यंत गेली नाही.

ह्या माझ्या पराक्रमात आणि जुओलांच्या कसोटीत एक कमजोरी सारखीच आहे, ती समजून घ्यायला हवी. मी त्याला ओळखलं कारण तो माझ्या माहितीतला होता. यंत्रालाही आधी संशयितांची यादी द्यावी लागते. पोलिसांची ओळख परेड आठवा. पाच माणसं रांगेत उभी केली आणि साक्षीदाराला सांगितलं, बोट दाखव. खरा चोर रांगेतच नसेल तर? साक्षीदार त्यातल्या त्यात मिळताजुळता चेहरा निवडेल. शैलीमापन तेच करतं. ह्या चौघींपैकी सर्वांत जवळची कोण, एवढंच ते सांगू शकतं. गॅलब्रेथ म्हणजे पाचवंच कोणी असतं तरी चौघींपैकी कोणाच्या तरी नावापुढे खूण झालीच असती. म्हणून आधी वकील लागला, एजंटचं नाव लागलं, मग यंत्र. भरीला मजकूर भरपूर हवा, तोही एकाच भाषेतला. चार ओळींच्या निनावी पत्रावरून लेखक शोधून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून वाटेला लावावं.

खरं तर नावाजलेल्या लेखकांची गुपितं फुटली ती बहुतेक कागदांमुळे. ह्याचं कारण साधं आहे. पुस्तकावर काहीही नाव छापा, पैसा खऱ्या माणसाकडेच जातो. करारावर कोणी तरी सही करतो, रॉयल्टी कोणाच्या तरी खात्यात पडते. आपल्याकडे रॉयल्टीवर टीडीएस कापताना प्रकाशक पॅन मागतो, आणि पॅन कार्ड टोपणनावाचं निघत नाही. इटलीत एलेना फेरांते ह्या नावाने लिहिणाऱ्या व्यक्तीचा माग २०१६ साली एका पत्रकाराने काढला तो प्रकाशकाकडून झालेल्या पैशांच्या नोंदी आणि घरखरेदीची कागदपत्रं धरूनच. त्या पत्रकाराने जाहीर केलेलं नाव मी इथे लिहीत नाही. गुन्हेगाराच्या मागे लागावं तसं ते लागणं होतं, आणि फेरांते ह्या नावाने लिहिणारीने कोणाचं काही चोरलेलं नव्हतं.

स्टीफन किंगचंही असंच. १९७७ ते १९८४ मध्ये बाकमनच्या नावाने पाच पुस्तकं आली. बाकमनचं सोंग चोख होतं: न्यू हॅम्पशरमध्ये गाईगुरं पाळतो असा परिचय, पाचव्या पुस्तकावर छायाचित्रही. छायाचित्रातला माणूस किंगच्या एजंटचा विमा उतरवणारा. फोटो काढणाऱ्याचं नाव म्हणून बाकमनच्या बायकोचं, म्हणजे नसलेल्या माणसाच्या नसलेल्या बायकोचं नाव. त्याच पुस्तकात एक पात्र दुसऱ्याला म्हणतं की तू अगदी स्टीफन किंगच्या कादंबरीसारखं बोलायला लागलास. एवढी खोडी कशाला काढावी? वॉशिंग्टनमधल्या एका पुस्तकाच्या दुकानातल्या विक्रेत्याला वाचतानाच वाटलं, हा किंगच. तो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेला, कॉपीराइटच्या नोंदी काढल्या. बाकी पुस्तकांवर एजंटचं नाव होतं, पण अगदी पहिल्या पुस्तकाच्या नोंदीत स्पष्ट स्टीफन किंग. त्याने एजंटला पत्र लिहिलं आणि काही दिवसांनी दुकानात त्याच्यासाठी फोन आला. पलीकडे खुद्द किंग. १९८५ मध्ये बाकमन ‘टोपणनावाच्या कर्करोगाने’ वारल्याचं जाहीर झालं. त्या पाचव्या पुस्तकाच्या बाकमन असताना २८ हजार प्रती गेल्या होत्या, किंग झाल्यावर त्याच्या दहापट.

इथे कायद्याची एक गंमत सांगायला हवी, कारण मराठीत ती फारशी कोणी सांगत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. पण टोपणनावाने छापलेल्या, आणि लेखक कोण हे उघड न झालेल्या पुस्तकाला ते लागू कसं करणार? मेला की नाही हेच माहीत नाही. म्हणून तिथे साठ वर्षं प्रकाशनाच्या सालापासून मोजतात (नेमकं म्हणजे पुढच्या कॅलेंडर वर्षापासून). ती मुदत संपायच्या आत खरं नाव उघड झालं तर पुन्हा नेहमीचा नियम, मृत्यूनंतर साठ वर्षं. म्हणजे तिशीत गुप्त नावाने कादंबरी काढून नव्वदीपर्यंत गप्प राहिलात, तर स्वतःच्या डोळ्यांदेखत हक्क संपलेला पाहाल. नातवंडांसाठी काही ठेवायचं असेल तर वेळेत तोंड उघडावं.

आता तो राहिलेला प्रश्न. पुस्तक खपतं की नाव?

डोरिस लेसिंग ह्यांनी हा प्रयोग उघडउघड प्रयोग म्हणूनच केला. वय साठीच्या पुढे, इंग्रजीत दबदबा, नोबेल मात्र अजून दूर होतं; ते २००७ साली मिळालं. त्यांनी ‘जेन सोमर्स’ नावाने कादंबरी लिहिली आणि स्वतःच्याच दोन ब्रिटिश प्रकाशकांकडे पाठवली. दोघांनी परत केली. घेतली ती मायकेल जोसेफ ह्या तिसऱ्या संस्थेने. योगायोग असा की १९५० साली लेसिंगची पहिली कादंबरी छापणारे तेच होते. तिथल्या संपादिकेला हे हस्तलिखित वाचून डोरिस लेसिंगची आठवण आली. यंत्र नाही, यादी नाही, नुसता कान. मग विश्वासात घेऊन तिला खरं सांगावं लागलं. १९८३ मध्ये पुस्तक निघालं, ब्रिटनमध्ये दीड हजार आणि अमेरिकेत तीन हजारांच्या आसपास प्रती गेल्या, परीक्षणं तुरळक. पुढच्या वर्षी दुसरं काढलं आणि मग लेसिंगनी स्वतःच पडदा उचलला. नवख्या लेखकांना किती उपेक्षेत दिवस काढावे लागतात ते दाखवायचं होतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. प्रयोग झाला खरा, पण नवखा लेखक हस्तलिखित पाठवतो तेव्हा त्याला माहीत नसतं की शेवटी काय होणार. लेसिंगना माहीत होतं की जेन सोमर्स हरली तरी डोरिस लेसिंग शाबूत आहे. नवख्याच्या पोटातला गोळा त्यांच्या पोटात नव्हता. रोलिंगचंही तसंच. गुपित फुटल्यावर लोकांनी तो दीड हजारांचा आकडा दाखवून त्यांना हिणवलं. त्यांनी सांगितलं की ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, ग्रंथालयं धरून साडेआठ हजार प्रती गेल्या होत्या आणि दूरचित्रवाणीवाल्यांकडून दोन विचारणाही आल्या होत्या. चांगलंच आहे की. पण पहिल्या पुस्तकाला तो एजंट आणि ते प्रकाशनगृह कोणत्या नवख्याला मिळतं? आधी काही प्रकाशकांकडून नकारही आले होते, ते त्यांनी २०१६ मध्ये ट्विटरवर टाकले. एका पत्रात गॅलब्रेथ महाशयांना लेखनाचा अभ्यासक्रम करून पाहा असं सुचवलेलं होतं.

ह्या सगळ्यांना पुरून उरला तो एक फ्रेंच लेखक. रोमँ गारी. जन्म १९१४ साली व्हिल्निअसमध्ये, रशियन-ज्यू घराणं, मूळ आडनाव कात्सेव. दुसऱ्या महायुद्धात विमानदळात, मग मुत्सद्दी, मग कादंबरीकार. ‘गारी’ हेही घेतलेलंच नाव, रशियनमध्ये अर्थ ‘पेट’. १९५६ साली त्याला गोंकूर पुरस्कार मिळाला, फ्रेंच साहित्यातला सर्वांत मानाचा, आणि तो एका लेखकाला आयुष्यात एकदाच देतात. सत्तरच्या दशकात पॅरिसच्या समीक्षकांनी गारीला निकालात काढलं होतं: संपला, जुना झाला. १९७४ मध्ये ब्राझीलहून एक हस्तलिखित आलं, एमिल आजार नावाच्या अनोळखी माणसाचं. पॅरिसमध्ये अजगर पाळणाऱ्या एका एकाकी कारकुनाची गोष्ट, भाषा मोडकीतोडकी, वाकडी, हसवणारी आणि मधेच काळजात घुसणारी. ‘आजार’ म्हणजे रशियनमध्ये निखारा. गारी आणि आजार, पेट आणि निखारा. कोणी लक्ष दिलं नाही. पुढच्या वर्षी आजारच्या दुसऱ्या कादंबरीला गोंकूर जाहीर झाला. नियमाने अशक्य असलेला दुसरा गोंकूर गारीला मिळाला आणि देणाऱ्यांना पत्ता नाही. घाबरून त्याने वकिलामार्फत आजारतर्फे नकार कळवला, तर अकादमीचं उत्तर असं की हा पुरस्कार जन्ममृत्यूसारखा आहे, तो घेता येत नाही आणि नाकारताही येत नाही.

त्याला हे कसं जमलं ते पाहण्यासारखं आहे, कारण बाकीच्यांनी जिथे मार खाल्ला ती दोन्ही दारं त्याने बंद केली. पहिलं दार माणसाचं. प्रकाशकाला आणि पत्रकारांना कोणी तरी भेटायला हवं, म्हणून त्याने नात्यातल्या पॉल पाव्हलोविच ह्या तरुणाला आजार म्हणून उभं केलं. पुढे पत्रकारांनी पाव्हलोविचला ओळखलं, गारीशी नातं आहे हेही शोधलं. इथे कोणीही सापडला असता. गारीने साफ कानावर हात ठेवले, आणि १९७६ मध्ये आजारच्या नावाने आणखी एक पुस्तक काढलं, ज्यात वेडाच्या भरातला पाव्हलोविच बोलतो आणि आपल्या बड्या लेखक मामाला यथेच्छ शिव्या घालतो. स्वतःच्या हाताने स्वतःला शिव्या. वाचणाऱ्यांनी म्हटलं, बिचारा भाचा, म्हातारा किती छळतोय. दुसरं दार भाषेचं. गारीने आजारसाठी नुसती शैली बदलली नाही. चुकीचं फ्रेंच बोलणारा, म्हणी उलट्यापालट्या करणारा एक आवाज रचला. चालणाऱ्याला पावलांचा आवाज ऐकू येत नाही असं वर म्हटलं, पण लंगडायचंच ठरवलं तर गोष्ट वेगळी.

डिसेंबर १९८० मध्ये गारीने आत्महत्या केली. मागे एक छोटा मजकूर ठेवला होता, तो १९८१ मध्ये छापला गेला आणि पॅरिस गप्प झालं. त्यात सगळी कबुली आहे आणि शेवटचं वाक्य साधारण असं: माझी छान करमणूक झाली. येतो, धन्यवाद.

मराठीत नावाजलेल्या कादंबरीकाराने असा उद्योग केल्याचं गाजलेलं प्रकरण माझ्या माहितीत नाही. आपल्याकडचं खरं गुपित उलट दिशेचं होतं. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते त्यात इतकं स्पष्ट होतं की गदारोळ उठला, आणि ही विभावरी कोण ह्याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्यांचं नाव मोठं होतं म्हणून त्यांनी ते लपवलं असं नाही. त्या नावाने त्यांना त्याच समाजात नोकरी करायची आणि राहायचं होतं. लेसिंगसाठी टोपणनाव हा प्रयोग होता, मालतीबाईंसाठी चिलखत.

आणि ज्यांना हे मोजून पाहायचंय त्यांच्यासाठी घरबसल्या एक काम. ‘ललित’ मासिकात ठणठणपाळ नावाने लेखकांच्या टोप्या उडवणारे जयवंत दळवी होते, हे आता सर्वांना माहीत आहे. ठणठणपाळाचं सदर आणि दळवींच्या नावावरची एखादी कादंबरी घ्या, दोन्हीकडचे दोन-दोन हजार शब्द, आणि शेजारी त्याच काळातल्या तिसऱ्याच एखाद्या लेखकाचेही. पाटीवर तीन रकाने आखा. विनोदी सदर आणि कादंबरी ह्यांची चाल वेगळी असते, त्यामुळे पहिल्या फटक्यात काही जुळलं नाही तर निराश होऊ नका. सुरुवात ‘च’पासून करा.